ब्वाक्लेरचं भाषांतर

"हाच शब्द वापरू, कॅप्टनसाहेब?" ब्वाक्लेरनं मला विचारलं.

भर सभेत, चाळीसेक मोहॉक जमातीच्या माणसांच्या समोर, त्यानं हे फ्रेंचमध्ये आणि अगदी हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, हाच. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी जरा आवाज चढवून, म्हणजे कुणाला शंका राहायला नको.

तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. अंगावर फ्रान्सच्या राजाचा पांढरा कोट होता, त्याची एक बाही उसवलेली होती, आणि डोक्यात हवा होती. आता साठी उलटून गेली आहे, माझ्या गावच्या लोकांना कॅनडा कुठं आहे हेही धड सांगता येत नाही, त्यामुळं मला कुणी काही विचारत नाही. ते एका परीनं बरंच आहे.

सन १७६०चा ऑगस्ट महिना. आदल्या वर्षी क्वेबेक शहर इंग्रजांनी घेतलं होतं. वसंतात नदीचं बर्फ फुटलं तेव्हा फ्रान्सहून जहाज येईल म्हणून आमचं सगळं सैन्य डोळ्यांत प्राण आणून वाट बघत बसलं. जहाज आलं, पण त्यावर निशाण इंग्रजांचं होतं. त्यानंतर राजानं आम्हाला वाऱ्यावर सोडलंय हे शिपायापासून सेनापतीपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं, फक्त तसं बोलायचं नाही असा रिवाज होता. मी मॉन्ट्रियलच्या वर, नदीकाठच्या एका छोट्या ठाण्याचा प्रमुख होतो. सेंत-उर्सुलचा किल्ला म्हणायचे त्याला. किल्ला म्हणजे काय, तर कुजलेल्या ओंडक्यांचं कुंपण, दोन तोफा आणि गळकं छप्पर. आत तीस धडधाकट शिपाई आणि सतरा जखमी.

रेने ब्वाक्लेर माझा लेफ्टनंट. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, पण जन्म कॅनडातला, म्हणून हुद्द्यानं माझ्याखाली. फ्रान्सहून आलेले आम्ही अधिकारी या तिथल्या अधिकाऱ्यांना मनातून कमी लेखत असू. ते पायात हरणाच्या कातड्याचे जोडे घालायचे, झाडाआडून लढायचे, आणि रानातल्या माणसांत बसून एकाच भांड्यातून जेवायचे. ब्वाक्लेर तर त्यांचा नातेवाईकच होता. पाच वर्षांचा असताना त्याची आई वारली, बाप कुठल्यातरी लांबच्या ठाण्यावर, तेव्हा शेजारच्या, पाद्र्यांनी वसवलेल्या मिशनच्या गावातल्या एका मोहॉक बाईनं त्याला घरी नेलं आणि पोटच्या मुलासारखा वाढवला. त्या बाईचा भाऊ म्हणजे आतानास. गावाचा मुख्य माणूस. बाप्तिस्मा झालेला, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा, गळ्यात क्रूस आणि कानात चांदीची कडी. ब्वाक्लेर चव्वेचाळीस वर्षांचा होऊनही त्याला 'मामा' म्हणत असे आणि त्याच्यासमोर पाइप ओढत नसे. मला याचं हसू येई.

त्या दिवशी सकाळी निरोप्या आला. वरच्या बाजूचा आमचा बेटावरचा किल्ला पडला होता, आणि शत्रूचं सगळं सैन्य होड्यांतून खाली यायला निघालं होतं. मला हुकूम होता की किल्ला जाळा, तोफांची दारू बरोबर घ्या, आणि एकही जखमी मागं न ठेवता मॉन्ट्रियल गाठा. काठानं पायवाट होती, पण ती खडकांतून आणि दलदलीतून. धट्ट्याकट्ट्या माणसाचीही तिथं दमछाक व्हायची, मग झोळीत माणूस घालून नेणं तर सोडाच. जखमींना नदीनंच न्यावं लागणार होतं. आणि नदी तिथं सहा कोसांत तीन ठिकाणी खडकांवरून फेसाळत खाली उतरत होती. त्या पाण्यातून होडी काढायची वाट फक्त मिशनच्या गावातल्या नावाड्यांना माहीत होती. दोन होड्यांना आठ-दहा नावाडी मिळाले तर सतरा माणसं जगणार होती, नाही मिळाले तर नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या माझ्या वागण्यावरून कुणाला ते खरं वाटणार नाही.

दुपारी किल्ल्याबाहेरच्या गवतावर सभा भरली. त्यांच्यात सभेची एक रीत असते. जो बोलतो तो शिंपल्यांच्या मण्यांचा विणलेला पट्टा समोरच्याच्या पुढं ठेवतो. ऐकणाऱ्यानं तो ठेवून घेतला तर त्यानं शब्द मानला, परत केला तर नाही मानला. आणि सभेत प्रत्येकानं आपापल्या भाषेत बोलायचं, मधे दुभाषी. अशा दहा-बारा सभांना मी बसलो होतो. मी म्हणायचो, राजाचा हुकूम आहे, शत्रूची टेहळणी करा. ब्वाक्लेर सांगायचा, ते पट्टा ठेवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी निघायचे. मी म्हणायचो, धान्य वाहून न्या. तेही न्यायचे. हा राजाच्या नावाचा आणि थोडाबहुत माझ्या भारदस्त आवाजाचा परिणाम आहे असं मी धरून चाललो होतो.

पण मधल्या हिवाळ्यात एक गोष्ट झाली होती. चार महिने बर्फात कोंडून पडल्यावर करायला काही उरत नाही, म्हणून मी ब्वाक्लेरकडून त्यांची भाषा शिकायला लागलो. शिकवायला तो फार चांगला होता. माझा कान बरा होता आणि त्याचा मला गर्वही होता. एकदा मी त्याला 'हुकूम देणं' याला काय म्हणतात ते विचारलं. तो म्हणाला, तो शब्द तुम्हाला लागणार नाही. मी हट्टच धरला तेव्हा सांगितला, आणि लगेच दुसरं काही काढलं.

तर त्या दुपारी, भाषा शिकल्यानंतरच्या पहिल्याच सभेत, मी उभा राहिलो आणि बोललो की फ्रान्सचा राजा, तुम्हा सर्वांचा बाप, माझ्या तोंडून हुकूम देतो. तुमच्या दहा नावाड्यांनी उद्या सकाळी किल्ल्यावर हजर व्हावं. ब्वाक्लेरनं ते त्यांच्या भाषेत सांगायला सुरुवात केली, आणि मला पहिल्यांदाच ते कळलं. अगदी वाक्यन् वाक्य कळलं. तो म्हणत होता, "तुमच्या बापावर अवघड वेळ आली आहे. त्याची माणसं जखमी आहेत. त्याला नदी ठाऊक नाही, तुम्हाला आहे. तुम्ही त्याला हात द्याल का, असं तो विचारतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं हा माणूस माझ्या शेजारी उभा राहून फ्रान्सच्या राजाला भीक मागायला लावत होता, आणि मी आपला छाती काढून बसत होतो. दुसरंही मनात आलं. युद्ध संपत आलंय, आम्ही बोटीत बसून घरी जाणार, याला मात्र इथंच राहायचंय. तेव्हा हा आत्तापासून आपली सोय लावतोय. मी हात वर करून त्याला थांबवलं.

"मी असं म्हणालो नाही."

"अर्थ तोच आहे, साहेब."

"हुकूम कुठं आहे त्यात?"

"तो शब्द इथं बोलत नाहीत."

"पण शब्द आहे," मी म्हटलं, आणि हिवाळ्यात शिकलेला तो शब्द त्याला हळूच म्हणून दाखवला. "तुम्हीच शिकवलात. माझं वाक्य मी बोललो तसं सांगा. एक अक्षर इकडं तिकडं नको."

तेव्हा त्यानं मला तो प्रश्न दोनदा विचारला.

मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पट्टा हातात घेतला आणि माझं वाक्य त्यांच्या भाषेत सांगितलं. मी बोललो होतो तसंच. त्याचा आवाज एरवी सभेत चढायचा, उतरायचा, लोकांना हसवायचाही. या वेळी तो पाठ केलेलं म्हणावं तसा बोलला आणि शेवटी तो शब्द उच्चारून पट्टा आतानासपुढं ठेवला.

 मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तोंडातला पाइप काढून खाली ठेवला. आतानासनं माझ्याकडं पाहिलंच नाही. तो आपल्या भाच्याकडं बघत राहिला, इतका वेळ की मला अवघडल्यासारखं झालं. मग तो उठला, पट्टा उचलला, त्याला लागलेलं गवत झटकलं आणि तो माझ्या दोन्ही हातांवर ठेवला. रागानं नाही, अगदी जपून ठेवला. एक छोटं वाक्य बोलला आणि सगळे त्याच्यामागून निघून गेले.

"काय म्हणाला?" मी ब्वाक्लेरला विचारलं, कारण ते वाक्य माझ्या शिकवणीत आलं नव्हतं.

"आम्ही ऐकलं, असं म्हणाले."

मी म्हटलं, ऐकलं ना, मग झालं. सकाळी येतील. पट्टा परत करणं वगैरे त्यांचे रुसवेफुगवे आहेत, राजाचा शब्द खाली पडू द्यायची त्यांची छाती नाही. ब्वाक्लेर म्हणाला, ते येणार नाहीत. वाद न घालता, साधं सांगावं तसं म्हणाला.

ऊन उतरायच्या आत तो माझ्या खोलीत आला. मी नकाशे जाळत होतो. तो दारातच उभा राहिला.

"मला एक तास द्या, साहेब. गावापर्यंत जाऊन येतो."

"कशाला?"

"मामांकडं. लेफ्टनंट म्हणून नाही जात, घरचा माणूस म्हणून जातो. मी मागितलं तर ते मला नाही म्हणणार नाहीत."

आता खरं सांगायचं तर त्या आठवड्यात आमच्याकडची कॅनडातली नऊ माणसं पसार झाली होती. रोज सकाळी एखादा कमी असायचा. सुगीचे दिवस, त्यांची शेतं, त्यांची बायकापोरं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही गेलो असतो. पण मी त्यांच्या जागी नव्हतो. मला वाटलं, हाही आता हातावर तुरी देतोय. मी त्याला म्हटलं की फ्रान्सचा अधिकारी कुणाच्या दारात हात पसरायला जात नाही. तो म्हणाला, मग जखमींना इथंच ठेवू, मी त्यांच्याबरोबर राहतो, पांढरं निशाण लावतो, इंग्रज आले की त्यांच्या डॉक्टरच्या ताब्यात देतो. मी त्याला भेकड म्हणालो नाही, पण म्हणायचं बाकीही ठेवलं नाही. पुढच्या पंधरा दिवसांत खुद्द मॉन्ट्रियलनं लढाई न करता तेच पांढरं निशाण लावलं, आणि ते लावणारे सगळे माझ्याहून मोठ्या हुद्द्याचे होते.

एवढं करून मी थांबलो असतो तरी चाललं असतं. मी त्याला घेऊन फाटकापर्यंत गेलो आणि त्याच्यादेखत पहारेकऱ्याला बजावलं की लेफ्टनंटना बाहेर सोडायचं नाही. पहारेकरी वीस वर्षांचा पोरगा होता, त्यानं लाजून मान खाली घातली. ब्वाक्लेर मात्र लाल झाला. चार वर्षांत त्याला असा झालेला मी पाहिला नव्हता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पहिली होडी मी घेतो."

"तुम्हाला वाट माहीत आहे?"

"लहानपणी गेलोय. मामांच्या होडीतून."

लहानपणी म्हणजे सात-आठ वर्षांचा असताना, होडीच्या तळाशी कातड्यांच्या गठ्ठ्यावर बसून. हे त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

सकाळी कुणी आलं नाही. ऊन चांगलं वर येईपर्यंत मी गावाच्या वाटेकडं बघत होतो. गाव तिथून पाव तासावर, पण मधे दाट झाडी, त्यामुळं वाटेचा सुरुवातीचा तुकडाच काय तो दिसायचा. वरच्या बाजूला, लांब, धुराच्या दोन रेघा उठल्या. शत्रूची पुढची तुकडी तिथं न्याहारी करत असणार. जखमींना उचलून होड्यांत ठेवायला सुरुवात केली. आमचा सार्जंट तुसां त्यांत होता. माझ्याच भागातला, माझ्या वडिलांना ओळखणारा, मागच्या लढाईत उजवा पाय गुडघ्यापासून गमावलेला. त्याला उचलताना तो मला म्हणाला, "काळजी नको, कॅप्टनसाहेब, मला पोहता येतं. फक्त पाय तेवढा क्वेबेकला राहिलाय." सगळे हसले. मीही हसलो.

होडीत चढण्याआधी ब्वाक्लेर पुन्हा माझ्याकडं आला. म्हणाला, "अजून जाऊन येऊ शकतो. धावत गेलो तर अर्धा तास." मी त्या धुराकडं बोट दाखवलं आणि म्हटलं, आता वेळ नाही. वेळ होता. तासभर तरी होता. मला फक्त आदल्या दिवशीचा शब्द मागं घ्यायचा नव्हता.

किल्ल्याला आग लावली आणि निघालो. दोन होड्या पाण्यात, प्रत्येकीत वल्ह्यांवर दोन-दोन शिपाई, आणि मी बाकीची माणसं आणि दारूची पिंपं घेऊन काठाच्या वाटेनं. पहिल्या होडीच्या मागच्या टोकाला ब्वाक्लेर उभा, हातात लांब वल्हं. दुसऱ्या होडीला मी सांगून ठेवलं होतं की पहिलीच्या मागचं पाणी सोडायचं नाही. पहिला उतार त्यांनी पार केला. होडी वर उचलली गेली, आपटली, पुन्हा सरळ झाली. दुसराही पार झाला. काठावर माझे शिपाई ओरडायला, टोप्या उडवायला लागले. माझाही ऊर भरून आला, आणि लपवून काय करायचं, मनात पहिला विचार आला तो असा की बघा, अडलं का काही त्यांच्यावाचून.

तिसऱ्या उताराला पाणी उजवीकडं फेसाळत होतं आणि डावीकडं गुळगुळीत दिसत होतं. ब्वाक्लेरनं होडी डावीकडं घेतली. होडीच्या तळाशी बसलेल्या लहान मुलाला तेव्हा त्या गुळगुळीत पाण्याखाली काय आहे हे दिसलं नसणार. होडी आडवी झाली, क्षणभर तशीच थांबल्यासारखी वाटली, आणि मग तिथं होडी नव्हती. मागची होडी सांगितल्याप्रमाणं तिच्याच पाण्यात आली. बंदूक भरायला जेवढा वेळ लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

आम्ही खडकांवरून खाली धावलो, पण आमच्यातल्या कुणाला त्या पाण्यात पाय घालायची रीत ठाऊक नव्हती. आम्ही काठावर उभे राहून माणसांची नावं घेत होतो. मग झाडीतून ते आले. आतानास आणि त्याच्याबरोबर नऊ जण, पळत आलेले, धापा टाकणारे, हातात वल्ही. कंबरेला दोर बांधून ते पाण्यात उतरले. त्यांनी तीन माणसं जिवंत काढली. बाकी मिळतील तशी काढली. तुसां मिळालाच नाही. ब्वाक्लेर खालच्या भोवऱ्यात सापडला. आतानासनं त्याला स्वतः काठावर आणलं, आपल्या मांडीवर त्याचं डोकं घेतलं आणि त्याच्या केसांतली वाळू बोटांनी काढत बसला.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मला राग करायचा होता. राग केला असता तर बाकीचं जाणवलं नसतं. त्यांच्या भाषेतले शब्द जुळवून मी विचारलं, "तुम्ही का आला नाहीत?"

"फ्रेंचमध्ये बोला, कॅप्टन," आतानास म्हणाला. "मला येतं."

आणि तो ते इतकं स्वच्छ बोलला की आमच्या पलटणीतले निम्मे शिपाई तसं बोलत नव्हते. त्याची आई मॉन्ट्रियलला मठात कामाला असायची, तो तिथल्याच अंगणात वाढला होता. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी विचारलं, म्हणजे सभेत माझं सगळं बोलणं कळायचं?

"सगळं. चार वर्षं. तुम्ही काय म्हणता ते, आणि तो काय सांगतो तेही."

"आणि तुम्ही ऐकून घेत होता?"

"तुमचं नाही. त्याचं." तो भाच्याकडंच बघत बोलत होता. "तुम्ही परके. तुम्हाला बोलायची रीत नव्हती. तो तुमच्या वतीनं ती पाळायचा, आणि तो सांगेल तेच आम्ही ऐकलं असं आम्ही धरायचो. त्यालाही ठाऊक होतं की आम्हाला कळतं. तसं चाललं होतं. काल तुम्ही त्याच्याच तोंडून तो शब्द वदवलात, पट्टा हातात देऊन. सभेत बोललेला शब्द ऐकलाच नाही, असं आम्हाला म्हणता येत नाही. पकडून आणलेल्या माणसाशी बोलायचा शब्द आहे तो."

मी काहीतरी पुटपुटलो, की राजा तुमचा बाप आहे, बापानं मुलांना सांगितलं तर त्यात काय.

"आमच्यात बाप मुलांना हवं ते देतो, सांगत नाही. सांगायचा अधिकार मामाचा, आणि मामासुद्धा हुकूम देत नाही." मग पहिल्यांदाच त्यानं मान वर केली. "आम्ही वाटेवर बसलो होतो, कॅप्टन. काल दुपारपासून. ही नऊ माणसं आणि मी. सभेत मी नाही म्हणालो होतो, त्यामुळं आपण होऊन मला येता येत नव्हतं. पण त्यानं येऊन नुसतं मामा म्हणायचं होतं. त्याला हे माहीत होतं. किल्ल्याचा धूर दिसला तेव्हा आम्ही पळत सुटलो." त्यानं पुन्हा भाच्याकडं पाहिलं. "मी रागावलोय असं त्याला वाटलं का? म्हणून नाही आला?"

त्याला हेच हवं होतं. माझ्याशी भांडायचं नव्हतं, मला दोष द्यायचा नव्हता. भाचा आपल्याला घाबरून आला नाही की काय, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं. हो म्हणणं मला सोपं होतं. माझे शिपाई ऐकत होते, पहारेकरी पोरगाही त्यांत होता.

"तो यायला निघाला होता," मी म्हटलं. "दोनदा. मी जाऊ दिलं नाही."

 आतानासच्या मागं उभ्या असलेल्या एकानं त्यांच्या भाषेत विचारलं, काय म्हणतो? आतानासनं त्याला ते सांगितलं. माझं वाक्य मी बोललो होतो तसंच सांगितलं, त्यात काही बदल केला नाही.

त्यांनी ब्वाक्लेरला घोंगडीत गुंडाळलं. माझ्या अधिकाऱ्याचं प्रेत त्यांनी कुठं न्यायचं, हे खरं तर मी ठरवायचं होतं. आमच्या सैन्यात त्याचे नियम आहेत, बंदुकांची सलामी आहे. पण आतानास म्हणाला, बहीण घरी वाट बघते आहे, आणि मी बाजूला झालो. ते त्याला उचलायला वाकले तेव्हा मला राहवलं नाही.

"मी येऊ का?" मी विचारलं. "त्याच्या मातीला?"

आतानास वळला. "हा हुकूम आहे, की तुम्ही विचारताय?"

"विचारतोय."

 त्यानं खरंच विचार केला, मला ते दिसत होतं.

"मग नको," तो म्हणाला.

त्यांनी ब्वाक्लेरला खांद्यावर घेतलं आणि ते आल्या वाटेनं झाडीत गेले. मी वळलो तेव्हा माझी माणसं दारूची पिंपं खाली ठेवून रांगेत उभी होती आणि मी आता काय हुकूम देतो म्हणून माझ्या तोंडाकडं बघत होती.